ड्रम अँड बेसमधील विषण्णता

ड्रम अँड बेस ही १९९० च्या दशकारंभी लंडनमध्ये घडलेली नृत्यसंगीताची शैली. ड्रमची गती मिनिटाला सुमारे १७० ठोक्यांची. बेस मात्र बहुधा तिच्या निम्म्या चालीने सरकतो. पाय धावतात, मन रेंगाळते. उदासी या फटीतून शिरते. मायनर स्वरसंगती तिला गडद करते. ब्रिटिश संगीतकार गोल्डीचे ‘इनर सिटी लाइफ’ हे गाणे (१९९४) हा ठळक नमुना: डायन शार्लमेनचा आर्त आवाज तुटक ड्रमवर तरंगत राहतो. ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडच्या आगरी समाजाच्या लग्नांत वेगवान आणि संथ असे हेच दोन थर वेगवेगळे ऐकू येतात. हळदीच्या रात्री बेंजो आणि स्पीकर दणाणतात. विधींच्या वेळी धवलारीण, म्हणजे विधिगीते गाणारी स्त्री, संथ, लांबवलेल्या सुरात धवला हे लग्नगीत गाते. तिला वाद्याची साथ लागत नाही.