वाटा किती? संकेतस्थळचालकांच्या बैठकांचा अल्प इतिहास

मे २०१० मध्ये गूगलने एक आकडा जाहीर केला : ६८ टक्के. संकेतस्थळावरील मजकुराशेजारी झळकणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नापैकी एवढा भाग संकेतस्थळाच्या मालकास मिळत असे. ॲडसेन्स ही योजना मात्र जून २००३ मध्येच सुरू झाली होती. जवळपास सात वर्षे मालक आपला वाटा घेत होते, पण तो किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. हा थ्रेड त्या काळातील त्यांच्या स्थानिक बैठकांविषयी.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’वर एटी अँड टीची जाहिरातपट्टी झळकली, तेव्हापासून छोट्या मालकाची अडचण एकच : जाहिरातदार आणायचा कुठून? ॲडसेन्सने ती सोडवली. कोडच्या चार ओळी पानात चिकटवल्या की जाहिराती आपोआप येत. मात्र मोजणी, दर आणि हिशेब हे सारे एकाच पक्षाच्या हाती गेले.

करारात गोपनीयतेचे कलम होते. महिन्याला किती रक्कम मिळाली हे सांगण्यास मुभा. पण शंभर वेळा दिसलेल्या जाहिरातीवर किती क्लिक पडले, हे उघड करण्यास मनाई. तुलनेसाठी नेमका तोच आकडा हवा असे. तोंडी सांगणेही कराराच्या दृष्टीने निषिद्धच, पण बोललेल्याची नोंद राहत नाही. समोरासमोर भेटण्याचे मोल वाढले ते इथे.

अशा भेटींची प्रथा योजनेहून जुनी. ‘पबकॉन’ या परिषदेच्या नावातच तिचा उगम आहे : २००० सालच्या सुमारास संकेतस्थळचालक लंडनमधील पबमध्ये जमत. पुढे ती लास वेगासच्या सभागृहांत गेली आणि प्रवेशशुल्कही आले. २००२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘मीटअप’ सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या गटांना एकत्र येणे सोपे झाले. त्याचे एक संस्थापक स्कॉट हायफरमन पूर्वी ऑनलाइन जाहिरातसंस्था चालवत, हा योगायोग गमतीचा.

युक्त्यांचे आयुष्य अल्प असे. जाहिरातींच्या रांगेला समांतर छायाचित्रे लावली की वाचकास दोन्ही एकच वाटत आणि क्लिक वाढत. ही युक्ती झपाट्याने पसरली. डिसेंबर २००६ मध्ये गूगलने तिला मनाई केली. ती युक्ती म्हणजे वाचकाची फसवणूकच होती, त्यामुळे मनाई योग्यच म्हणावी लागेल. खरी धास्ती निराळी होती. क्लिक ‘अवैध’ ठरले की खाते बंद होई, साचलेली रक्कम जाहिरातदारांकडे परत जाई आणि कारणाचा तपशील मिळत नसे. १०० डॉलर जमल्याखेरीज पैसे पाठवले जात नसत. छोट्या मालकाचे अनेक महिन्यांचे श्रम त्या उंबरठ्याच्या आत अडकलेले असत.

भारतात ती रक्कम दीर्घकाळ टपालाने येणाऱ्या धनादेशातून मिळे. ऑगस्ट २००५ मध्ये पालो अल्टोत पहिला ‘बारकॅम्प’ झाला आणि लवकरच पुण्या-मुंबईतही ते भरू लागले. वक्ते आधी ठरलेले नसत. ज्याला काही सांगायचे असेल त्याने फळ्यावर विषय लिहावा, एवढाच रिवाज.

भाषेचा अडसर उरलाच. ॲडसेन्सने हिंदीस मान्यता दिली ती २०१४ च्या अखेरीस आणि मराठीस त्यानंतर काही वर्षांनी. ६८ टक्क्यांचा आकडा जाहीर झाला, तेव्हा मराठी पानांना या योजनेत अधिकृत स्थानच नव्हते.