मुंबईच्या कलाशाळेतील सामुदायिक कामे

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा निघाली, तिच्या इतिहासात अभ्यासक्रम, परीक्षा आणि अधीक्षकांच्या नेमणुका याच गोष्टी बहुधा पुढे येतात, कारण सरकारी दप्तरात त्याच व्यवस्थित लावून ठेवलेल्या असतात. परंतु त्या शाळेने आपल्या निवडक विद्यार्थ्यांना जे खरे शिक्षण दिले, ते प्लास्टरच्या ठशांसमोर एकेकट्याने बसून केलेल्या रेखाटनांतून मिळालेले नव्हते. एकाच मोठ्या कामाला अनेकांचे हात लागले आणि ते काम शाळेच्या आवाराबाहेर लोकांच्या दृष्टीस पडले, तेव्हाच ते शिक्षण घडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा आरंभ १८६५ च्या सुमारास झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारातून मुंबईत अमाप पैसा आला होता, सर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींच्या योजना आखल्या जात होत्या, आणि त्या इमारतींना शोभा आणणारे शिक्षित कारागीर हवे होते. नेमक्या त्याच वेळी शिल्पालंकारासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, चित्रालंकारासाठी जॉन ग्रिफिथ्स आणि लोहकामासाठी हिगिन्स हे विलायतेहून आले व त्यांच्या हाताखाली तीन कर्मशाळा सुरू झाल्या. किपलिंग १८७५ साली लाहोरच्या कलाशाळेवर गेले. ग्रिफिथ्स मात्र मुंबईतच राहिले, आणि अजिंठ्याचे काम त्यांच्याच हातून व्हावयाचे होते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याचा उद्योग त्यापूर्वी मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे एकाकी निष्ठेने केला होता. परंतु लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागून त्या प्रतींपैकी बहुतेक जळून गेल्या. तेव्हा ते काम नव्याने करण्याची तजवीज मुंबई सरकारने मंजूर केली, आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स हिवाळ्याच्या मोसमात आपले विद्यार्थी बरोबर घेऊन निजामाच्या मुलखातील अजिंठ्याच्या दरीत मुक्काम करू लागले. पेस्तनजी बमनजी आणि जगन्नाथ अनंत ही त्या मंडळीतील नावे आज आपणांस ठाऊक आहेत. ज्या लेण्यांत दिवसाचा उजेड थोडाच वेळ आत पोहोचतो, जेथे रंगाचे पोपडे सुटलेले आणि रेषा धुराने झाकोळलेल्या, तेथे कॅनव्हासवर तैलरंगात प्रती उतरविताना एकाने छतावरील चौकटींतील कमळे, फळे, हंस व हत्ती घ्यावेत, दुसऱ्याने भिंतीवरील बोधिसत्त्वाच्या मुद्रेशी झगडावे, आणि सर्वांचे मिळून जे होईल ते एका हातचे वाटावे, ही शिस्त कोणत्याही परीक्षेने शिकविली नसती. शाळेत ज्यांना युरोपीय आदर्श गिरवावयास लावले जाई, त्याच मुलांना आपल्या देशातील एका थोर चित्रपरंपरेचा हस्तपरिचय येथे झाला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली शाळेत जी मातीची भांडी घडत, त्यांवर अजिंठ्याचे नमुने दिसू लागले, ते याच सहवासाचे फळ होय.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढविण्यात आले; ते पुढे पिवळे पडले आणि चित्रांची हानी झाली. शिवाय विलायतेस पाठविलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा तेथे १८८५ साली लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, म्हणजे गिल यांच्या प्रतींवर ओढवलेले संकट याही प्रतींवर ओढवले. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

अजिंठ्याचे काम चालू असतानाच, १८७८ साली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बोरीबंदरावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या टर्मिनसची इमारत उठू लागली. १८८८ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीला १६ लाख रुपयांहून अधिक खर्च आला. तिच्या अलंकरणाचा मोठा भाग कलाशाळेकडे आला, आणि लोखंडी व पितळी कठडे, लाकडी कोरीवकाम, तिकीटघराच्या जाळ्या, भव्य जिन्याचे नक्षीदार कठडे ही विद्यार्थ्यांची कामगिरी ठरली. चुकलेले रेखाचित्र फाडून टाकता येते; ज्या जिन्यावरून हजारो माणसे चढणार त्याचा कठडा चुकला तर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, आणि या जाणिवेने हाताला येणारी जबाबदारी वर्गात निर्माण करता येत नाही. तथापि मूळ कल्पना स्टीव्हन्स व ग्रिफिथ्स यांच्या, विद्यार्थी केवळ त्या अमलात आणणारे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सर्वस्वी खोडून काढता येणार नाही.

त्या आक्षेपाला उत्तर मिळाले ते विसाव्या शतकात. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन हे शाळेचे प्रमुख असताना, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने, १९२० च्या सुमारास भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग निघाला. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना येथे भिंत वाटून दिली जाई आणि रचनाही त्यांनीच करावयाची असे. वेम्बली येथील १९२४ च्या प्रदर्शनासाठी त्यांनी एक संपूर्ण भारतीय दालन घडविले. त्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती व घुमट रंगविण्यासही ते गेले, आणि गुणवंत हनुमंत नागरकर व जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे कलावंत त्या कामात होते. सॉलोमन यांनी १९३० साली या भित्तिचित्रांवर ग्रंथही छापला. या चित्रकारांची नावे जशी राहिली, तशी बोरीबंदरच्या कठड्यांवर ज्यांचे तारुण्य खर्ची पडले, त्या विद्यार्थ्यांचीही नावनिशीवार यादी व्हावयास हवी. रेल्वेची दप्तरे, शाळेची हजेरीपत्रके आणि शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल एकत्र ठेवून ती सिद्ध करण्याचे काम एखाद्या तरुण अभ्यासकाने, अथवा पाचसहा जणांनी मिळून, हाती घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.