पळस्पे फाट्याचा शागीर्द

रत्नागिरीहून मुंबईला जाणारी एस.टी. पनवेलच्या अलीकडे पळस्पे फाट्यावर आली की प्रवासी सामान आवरू लागतात. रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे गुरुकुल याच पळस्प्याला होते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? मलाही फार उशिरा कळले. आणि त्यांच्या शागिर्दांत मणि कौल नावाचा एक काश्मिरी पंडित होता, हे त्याहून उशिरा.

मणि कौल यांचा जन्म १९४४चा, जोधपूरचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना ऋत्विक घटक शिकवायला होते. १९६९ साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर त्यांनी 'उसकी रोटी' केला. मोहन राकेश यांची कथा. ट्रक नव्हे, बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन बालो रस्त्याच्या कडेला उभी राहते. बस. एवढेच. के. के. महाजन यांनी तो मुख्यतः दोनच भिंगांवर टिपला. गाणे नाही, मारामारी नाही. सरकारी पैसा असल्या चित्रपटांवर का उधळायचा, म्हणून ओरड झाली. 'दुविधा'वर तर १९७४ साली खुद्द सत्यजित राय यांनी कठोर लिहिले. त्याच 'दुविधा'साठी कौल यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हा भाग वेगळा. मराठी वाचकाला 'घाशीराम कोतवाल' (१९७६) निदान नावाने तरी आठवेल. तो तरुणांनी सहकारी तत्त्वावर केला, त्यांत कौल होते.

मी 'उसकी रोटी' दहावीच्या मुलांना दाखवला. धाडसच म्हणायचे! अर्धा वर्ग चुळबुळत होता. मुले विचारीत, "सर, पुढे काय होणार?" मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "सर, ही तर आमची अम्मी." तिचे अब्बा आखातात. आमच्या मोहल्ल्यात अशी वाट पाहणारी घरे मोजायला बोटे पुरणार नाहीत. त्या दिवशी मी पुढे काही समजावून सांगितले नाही.

कौल उस्तादांकडे ध्रुपद शिकले. हौस म्हणून नव्हे, साधना म्हणून. आलापात घाई नसते. एकेक स्वर उलगडायला वेळ द्यावा लागतो. चित्रपटातही काळ असाच उलगडावा, हा त्यांचा आग्रह. १९८२ साली त्यांनी 'ध्रुपद' हा माहितीपट केला, त्यात झिया मोहिउद्दीन आणि त्यांचे धाकटे बंधू फरीदुद्दीन आहेत. उस्ताद १९९० साली गेले. पुढे कौल यांनी हॉलंडमध्ये संगीत शिकवले, पुण्यात चित्रपट शिकवला. शागीर्दाचा उस्ताद झाला.

पुण्याच्या वर्गात त्यांना साहाय्य करणारा गुरविंदर सिंग. त्याच्या 'अन्हे घोडे दा दान' या पंजाबी चित्रपटामागे कौल सर्जनशील निर्माते म्हणून उभे राहिले. सप्टेंबर २०११मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. कौल ६ जुलैलाच गेले होते.