कोळशाच्या खाणीतून वॉर्डात

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आसपास राजूर, उकणी, कोलारपिंपरी अशा कोळशाच्या खाणी आहेत. इथल्या एखाद्या थकलेल्या खाणकामगाराला दवाखान्यात 'ऑक्सिजन लावला' असं घरचे सांगतात, तेव्हा त्या नळीचं कूळही कोळशाच्या खाणीशीच जुळतं, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

प्रीस्टली या शास्त्रज्ञाने ऑक्सिजन १७७४ साली वेगळा केला. पण पुढची शंभरहून अधिक वर्षं त्याचा उपचार अंदाजपंचेच चालला. पिशवीत वायू भरायचा, रोग्याला थोडा वेळ हुंगवायचा आणि थांबायचं. किती दिला, किती आत गेला, याचा हिशेब कुणी ठेवत नसे.

हिशेबाची निकड खाणीने दाखवली. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मृतदेह तपासले आणि दाखवून दिलं, की बहुतेक मजूर स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. तो सुटावा तर रोग्याला भरपूर ऑक्सिजन सलग मिळायला हवा. मधूनमधून हुंगवून भागत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूने सैनिकांची फुप्फुसं जळाली, तेव्हा हाल्डेन यांनी मिनिटाला किती लिटर सोडायचा हे झडपेने ठरवता येईल असं मास्कचं उपकरण तयार केलं. १९१७ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. आज भिंतीवरच्या फ्लोमीटरमध्ये जी गोळी वर-खाली होते, तिचं काम तेव्हाच ठरलं.

मात्र भरपूर दिला की भलं झालं, असंही नाही. वर्षानुवर्षं धूळ-धूर खाल्लेल्या फुप्फुसांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रोगी गुंगीत जातो. म्हणून डॉक्टर मोरान कॅम्पबेल यांनी १९६० साली नेमकं प्रमाण देणारा व्हेंच्युरी मास्क आणला. अशा रोग्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ८८ ते ९२ टक्के राखतात, इतरांचं साधारण ९४ ते ९८. खाणपट्ट्यातल्या सिस्टरला हा फरक ठाऊक असणं मला औषधाच्या डोसाइतकंच मोलाचं वाटतं. शिवाय तिला नाकात नळी घालण्याआधी वायू सुरू करायचा असतो, ह्युमिडिफायरच्या बाटलीतलं पाणी पाहायचं असतं, कानामागे नळी घासून कातडी सोलवटली नाही ना तेही बघायचं असतं.

जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व शोधलं आणि रक्त न काढता ऑक्सिजन सहज मोजता येऊ लागला. एप्रिल २०२० मध्ये ते वारले. त्याच सुमारास कोविडमुळे ते यंत्र घरोघरी पोचत होतं.

मग कोविडच्या दुसऱ्या लाटेचा एप्रिल २०२१ आला. विशाखापट्टणमहून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने नागपूर आणि नाशिकला आणावे लागले. त्या काळात नंदुरबारमध्ये 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या गेल्या. कुणाला किती लिटर सुरू आहे, कुणाचा कमी करता येईल, कुठे वाया जातोय, हे पाहणं हेच त्यांचं काम. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटरने सोडला तर तो बारा तासांच्या आतच संपतो. सॅच्युरेशन पाहून पाचवर आणता आला, तर जवळजवळ पूर्ण दिवस पुरतो.