बाळंतिणीचे मन : संप्रेरके, ताण आणि परिस्थिती यांचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : प्रसूतिपश्चात नैराश्य, संप्रेरके, ताण, मेंदूची वाढ, स्त्री-आरोग्य

प्रस्तावना

प्रसूतीनंतर स्त्रीच्या मनःस्थितीत होणाऱ्या बिघाडाची जाणीव मराठी समाजाला नवी नाही. सूतिकारोग, बाळंतरोग, बाळंतवात असे शब्द जुन्या वैद्यकात आणि घरगुती बोलण्यात रूढ होते. या शब्दांत शरीर आणि मन यांची फारकत केलेली नव्हती. सतत रडणारी, झोप हरवलेली, मुलाला जवळ न घेणारी बाळंतीण कधी वाताची रोगी ठरे, तर कधी तिला बाहेरची बाधा झाली असे मानले जाई. आधुनिक विज्ञानाने या विकाराचे कारण आधी संप्रेरकांत व पुढे मेंदूत शोधले. या कारणमीमांसेचा प्रवास मांडणे आणि गोव्यातील संशोधनाने त्यात घातलेली भर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एकोणिसावे शतक : रोग, गुन्हा आणि आसरा

लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने १८५८ मध्ये गरोदर व बाळंत स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रजननाचे अवयव आणि मेंदू यांच्यात काही संबंध असावा, असे त्याने सुचविले. मात्र हा संबंध जोडणारे द्रव्य त्याला ज्ञात नव्हते. संप्रेरक ही संकल्पना स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडली.

याच काळात महाराष्ट्रात बाळंतपणाचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि गरोदर विधवांना सुरक्षित प्रसूतीची सोय करून दिली. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या विधवेला नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. या प्रकरणावरील चर्चेतूनच ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोष स्त्रीच्या प्रकृतीला न देता तिला कोंडीत पकडणाऱ्या पुरुषी व्यवस्थेला दिला. या घटनांना आजच्या निदानाचे नाव देणे अनैतिहासिक ठरेल. तथापि बाळंतिणीचे वर्तन तिच्या परिस्थितीपासून तोडून समजत नाही, हा विचार येथे स्पष्टपणे आढळतो.

कायद्याने मात्र निराळी वाट धरली. इंग्लंडमध्ये १९२२ व १९३८ च्या कायद्यांनी प्रसूतीमुळे ढळलेल्या मनःस्थितीची दखल घेऊन अर्भकहत्येचा गुन्हा सौम्य मानला. भारतीय दंड संहितेत अशी स्वतंत्र सवलत नव्हती. मनोविकृतीविषयीच्या सर्वसाधारण कलम ८४ वरच भिस्त ठेवावी लागे.

संप्रेरके, ताण आणि मेंदू

हान्स सेली याने १९३६ मध्ये निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते, असे दाखविले. तेथून ताणाच्या शास्त्रीय अभ्यासाला दिशा मिळाली. १९५९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात गाभण गिनिपिगांना टेस्टोस्टेरॉन देण्यात आले. त्यांच्या मादी पिल्लांचे लैंगिक वर्तन मोठेपणीही बदललेलेच राहिले. लैंगिक संप्रेरके जन्मापूर्वीच मेंदूच्या घडणीत भाग घेतात, हा विचार यातून पुढे आला. १९६८ मध्ये ब्रूस मॅक्युएन यांनी उंदरांवरील प्रयोगांत, ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात धरून ठेवले जाते, असे दाखविले. स्मृती व भावना यांच्याशी निगडित अशा या भागापर्यंत ताणाचा रासायनिक संदेश पोहोचतो, हे यावरून सिद्ध झाले.

गरोदरपणी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची पातळी अनेक पटींनी वाढते आणि प्रसूतीनंतर काही दिवसांतच झपाट्याने उतरते. ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते. मग नैराश्य काहींनाच का येते? २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोळा स्त्रियांना ही संप्रेरके देऊन नंतर ती थांबविण्यात आली. पूर्वी प्रसूतिपश्चात नैराश्य येऊन गेलेल्या आठ स्त्रियांपैकी पाच जणींना लक्षणे जाणवली, तर उरलेल्या आठपैकी एकीलाही जाणवली नाहीत. संप्रेरकांचा चढउतार सर्वांचा सारखा असला, तरी त्याला बळी पडण्याची प्रवृत्ती सारखी नसते, असा याचा अर्थ होतो.

गोव्यातील अभ्यास

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी ५९ स्त्रियांत, म्हणजे २३ टक्क्यांत, नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना प्रसूतीपूर्वीच मानसिक त्रास होता. गरिबी आणि बिघडलेले वैवाहिक संबंध ही महत्त्वाची कारणे ठरली. मूल मुलगा की मुलगी यावरही आजाराचा धोका अवलंबून होता. पतीकडून होणारी मारहाण व उपासमार यांचा परिणामही त्यानुसार बदलत होता.

१७१ अर्भकांवरील पुढचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्यग्रस्त मातांच्या मुलांत सहाव्या महिन्यात कमी वजनाचे प्रमाण ३० टक्के, तर इतर मातांच्या मुलांत १२ टक्के होते. त्यांच्या मानसिक विकासाचे गुणांकही कमी आढळले. या अभ्यासांत संप्रेरके मोजलेली नव्हती. त्यामुळे जैविक साखळीतील प्रत्येक दुवा त्यांतून सिद्ध होत नाही. परंतु मुलगी झाल्याची नाराजी, भूक आणि मारहाण हे या स्त्रियांच्या आयुष्यातील ताणाचे प्रत्यक्ष रूप होते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, संप्रेरके बाळंतिणीच्या मनाला नाजूक वळणावर आणतात. तिथून ती सावरते की कोसळते, हे बऱ्याच अंशी भोवतालची माणसे व परिस्थिती ठरवितात. 'बायकांची प्रकृतीच तशी' असे म्हणून आजार दुर्लक्षिणे जितके चुकीचे, तितकेच सर्व दोष संप्रेरकांवर टाकून घरातील अन्याय झाकणेही चुकीचे आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या प्रथेत विश्रांती व आधार यांची तरतूद होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील ज्या छोट्या कुटुंबांत हा आधार नाही, तेथे तो अन्य मार्गांनी उभा करावा लागेल.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही. हे स्वागतार्ह आहे. परंतु तोवर आजार रुग्णालयापर्यंत पोहोचलेला असतो. गोव्यातील ७८ टक्क्यांचा आकडा त्याआधीची वेळ दाखवितो. गरोदरपणाच्या तपासणीत वजन व रक्तदाब यांच्या बरोबरीने स्त्रीच्या मनाची आणि घरातील वागणुकीची विचारपूस झाली, तर माता व मूल या दोघांचेही पुढील नुकसान बऱ्याच प्रमाणात टाळता येईल.