विजयदुर्गच्या कातळावरील दीर्घ उद्‌भासन : 1898 ची ग्रहणछायाचित्रे आणि ‘साहेबाचे ओटे’

छायाचित्र घेताना काचेवर किंवा फिल्मवर जितका वेळ प्रकाश पडू दिला जातो त्या अवधीस उद्‌भासनकाळ म्हणतात. व्यवहारात त्यालाच ‘एक्स्पोजर’ असा शब्द रूढ आहे. हा अवधी ऐतिहासिक पुरावा म्हणून वाचता येतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गच्या संदर्भात केला आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आज छायाचित्रकार तिपाई रोवतात, भिंगापुढे काळसर काच लावतात आणि अर्धा-एक मिनिट झडप उघडी ठेवतात. खडक ठसठशीत उमटतो, लाट मात्र धुक्यासारखी विरून जाते. स्थिर तेवढेच टिकते आणि चंचल ते पुसले जाते.

एकोणिसाव्या शतकात हा परिणाम कलागुण नव्हे, तर दोष मानला जाई. दागेर यांनी 1838 मध्ये टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्यावरील सारी रहदारी नाहीशी झाली. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ. स्कॉट आर्चर यांच्या 1851 च्या कोलोडियन पद्धतीने अवधी पुष्कळ घटला. तरीही गुस्ताव ल ग्रे यांना 1856-57 मधील सागरचित्रांसाठी काही वेळा आकाश आणि समुद्र यांच्या वेगवेगळ्या काचा जोडाव्या लागल्या. मुंबईतही 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. कोलोडियनची काच निळ्या प्रकाशास फार संवेदनशील, पण पिवळ्या-तांबड्यास जवळजवळ आंधळी होती. हा तांत्रिक तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

विजयदुर्ग किल्ल्यावर काही ओटे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला, अशी समजूत प्रचलित असून त्या दिवशी तेथे हेलियम दिनही साजरा होतो. ही समजूत लोभस आहे; परंतु इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. 1868 मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भारतात गुंटूर येथे जान्सेन यांनी सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉकियर यांना तो 20 ऑक्टोबर 1868 रोजी इंग्लंडमध्येच, ग्रहणाविना, दिसला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. पुढे विल्यम रॅम्से यांनी 1895 मध्ये पृथ्वीवरील खनिजातून हेलियम वेगळा केला. 1868 च्या ग्रहणाची छायाचित्रे टेनंट यांनी गुंटूर येथे कोलोडियन काचांवर घेतली होती. पण पिवळी रेषा डोळ्यांनीच पाहिली गेली. त्या काळच्या काचेवर ती उमटणे दुरापास्तच होते.

लॉकियर 1871 च्या ग्रहणासाठी भारतात येऊन गेले. विजयदुर्गला ते आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीस होते. भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे हे त्यांचे मुख्य साधन होते. आता कोलोडियनची ओली काच मागे पडून जिलेटिनची कोरडी काच आली होती. खग्रास स्थितीचा काळ मात्र जेमतेम दोन मिनिटांचा होता. एवढ्या वेळात किती काचा आणि प्रत्येकीला किती सेकंद, हा हिशेब अगोदरच ठरवावा लागे. खलाशांकडून तालीम करून घेण्याचे प्रयोजन तेच.

या हिशेबामागे भौतिक कारण होते. सूर्याभोवतीचा किरीट, म्हणजे करोना, सूर्यबिंबालगत तेजस्वी असतो आणि बाहेरच्या बाजूस झपाट्याने फिकट होत जातो. अल्प उद्‌भासनात सौरज्वाला आणि आतला किरीट स्पष्ट येतो, बाहेरचे पट्टे येतच नाहीत. दीर्घ उद्‌भासनात ते पट्टे येतात, पण आतला भाग जळून पांढरा होतो. एकच काच दोन्ही सांगू शकत नाही. लाट आणि खडक यांचेही असेच असते. म्हणूनच अशा काचेवरील नोंद तिच्या उद्‌भासनकाळासह वाचली पाहिजे, एरवी ‘दिसले नाही’ आणि ‘नव्हते’ यांत गल्लत होते.

ग्रहणाची सावली विजयदुर्गाहून ईशान्येस सरकत गेली आणि तिच्या मार्गावर निरीक्षकांचे तळ पडले होते. करमाळ्याजवळच्या जेऊर येथे लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. तेथेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी वेध घेतले. त्यांचा अहवाल 1902 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या विदर्भातील पुलगाव येथे नेवॉल आणि हिल्स यांचा, तर तळणी येथे मॉन्डर दांपत्याचा तळ होता. ही दोन्ही गावे नागपूरला जाणाऱ्या लोहमार्गावरची. जड यंत्रे नेण्यास रेल्वे सोयीची होती हे उघड आहे. तळणीस ॲनी मॉन्डर यांनी लहानशा कॅमेऱ्याने किरीटाचा सुमारे साठ लाख मैल लांबीचा पट्टा टिपला. चाळीस फुटी नळकांड्याच्या तुलनेत हा कॅमेरा खेळण्यासारखाच, पण फिकट प्रकाश पसरून न देता थोड्या जागेत एकवटण्यात लहान कॅमेराच सरस ठरतो.

आता पुन्हा ओट्यांकडे वळू. हातात दुर्बीण धरून पाहणाऱ्यास दगडी ओट्याची गरज नसते. अनेक सेकंद झडप उघडी ठेवणाऱ्या, सूर्याच्या गतीशी आरसा जुळवून घेणाऱ्या यंत्रास मात्र न हलणारा आधार लागतो. त्यामुळे ओट्यांचा संबंध 1898 शी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याची तपासणी शक्य आहे. 1868 चे ग्रहण या भागात सकाळी, सूर्य पूर्वेकडे असताना झाले. 1898 चे दुपारी, सूर्य दक्षिणेकडे असताना. ओट्यांची दिशा, लांबी आणि परस्परांतील अंतरे मोजून लॉकियर यांच्या अहवालातील यंत्ररचनेशी ताडून पाहता येतील. इतिहास आणि भौतिकशास्त्र या दोन विभागांनी मिळून एका सुटीत करण्याजोगे हे काम आहे. होकायंत्र, मोजपट्टी आणि अहवालाची प्रत एवढ्यावर त्याची सुरुवात होऊ शकते.