तपकिरी तारेचं कुळ

जयपूरला राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबच्या विंटेज रॅलीत देशोदेशीच्या जुन्या गाड्या येतात. अशा गाडीच्या डॅशबोर्डखाली कशाचं ते न कळणारं एखादं तरी टोक लोंबत असतं. ते ओळखायचं, तर आधी गाडीचं कुळ शोधावं लागतं.

ब्रिटिश गाडी असेल, तर शोध बर्मिंगहॅमला पोचतो. तिथे हातगाडीवर रॉकेल विकणारा जोसेफ लुकास पुढे दिवे करू लागला. ‘किंग ऑफ द रोड’ या सायकलच्या दिव्याने त्याचं नाव झालं आणि विसाव्या शतकात बहुतेक ब्रिटिश मोटारींत लुकासचं वायरिंग आलं. त्या तारांना रंगांची शिस्त होती. तपकिरी थेट बॅटरीकडून आलेली, पांढरी चावी फिरवल्यावर करंट देणारी, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थिंगची. निळी हेडलाइटची; तिच्यावर पांढरी रेघ असली की अप्पर, लाल असली की डिपर. पुढे हीच पद्धत ‘बीएस एयू 7’ या ब्रिटिश मानकात आली. टोकाला पितळी बुलेट आणि दोन बुलेट जोडणारी रबरी नळी, ही या घराण्याची खूण.

उत्तरपाड्याची अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली, त्यामुळे तिच्या जुन्या तारा याच घराण्यातल्या. 1961 मध्ये लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि लुकासचं तंत्र मद्रासला तयार होऊ लागलं. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचं माहेर मात्र इटलीचं, फियाट 1100. तिला लुकासचा तक्ता लावू नये.

खरा घात जर्मन गाडीशी गल्लत झाल्यावर होतो. जर्मन पद्धतीत तपकिरी तार अर्थिंगची. त्याच सवयीने कुणी ब्रिटिश गाडीची तपकिरी तार बॉडीला टेकवली, तर मध्ये बहुधा फ्यूजही नसतो आणि अख्खा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, जळू शकतो. जर्मन टोकांवर आकडेही असतात: 30 कायम करंटचं, 15 चावीनंतरचं, 31 अर्थिंगचं.

कापडी वेष्टणाच्या तारा मळून सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात. तेव्हा हार्नेसची पट्टी थोडी उलगडावी. आत मूळ रंग पुष्कळदा शाबूत सापडतो. आणि प्रत्येक मोकळं टोक म्हणजे बिघाड नव्हे. एकच हार्नेस अनेक मॉडेलांना बसवत, त्यामुळे न घेतलेल्या हीटरची किंवा फॉगलॅम्पची टोकं रिकामीच राहत.

म्हणून अनोळखी टोक कापू नका. आधी बॅटरी सोडवा, फोटो काढा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा आणि गाडीच्या मूळ कंपनीचा वायरिंग नकाशा मिळवा.